हरताळाखालची अक्षरे

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या राजूरला संगणक दुरुस्तीच्या दुकानात पाच मिनिटे उभे राहिलात, तर एक वाक्य हमखास कानावर पडते. 'फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून द्या.' न्हाव्याला केस बारीक करायला सांगावेत, तितक्या सहजपणे माणसे हे सांगतात. मीही आयुष्यात चार-पाच वेळा सांगितले आहे. या वेळी मात्र ते वाक्य माझ्या तोंडून निघेना.

झाले असे की, माझा लॅपटॉप दहा वर्षांचा जुना. त्यातल्या विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि विंडोज ११ घ्यायला हे यंत्र असमर्थ. माझी भाची संगमनेरला कॉलेजात शिकते. ती म्हणाली, ''मामा, यात लिनक्स टाकलं की मला तीन वर्षं सहज जाईल.'' मी आनंदाने हो म्हटले. मग रात्री लॅपटॉप उघडून बसलो आणि त्यात काय काय आहे, ते पाहू लागलो.

मी निवृत्त शिक्षक. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ च्या जानेवारीपासून लागू झाले. तेव्हापासून आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांवरची माणसे दाव्यांचे कागद घेऊन माझ्याकडे येत. कोणाचा अर्ज लिहून दे, कोणाच्या कागदांची स्कॅन काढून दे, असे मी करत असे. त्यामुळे माझ्या लॅपटॉपमध्ये माझे असे थोडेच होते. आधार कार्डे, जातीचे दाखले, बँकेची पासबुके, शिधापत्रिका, अंगठ्यांचे ठसे, सगळे दुसऱ्यांचे. हे यंत्र भाचीच्या हाती जाणार, तिच्याकडून तिच्या मैत्रिणींच्या, पुढे एखाद्या भंगारवाल्याच्या. म्हणजे आधी पुसायला हवे. पण पुसण्याच्या बाबतीत मी दोनदा पोळलेला माणूस आहे, आणि दोन्ही वेळा उलट्या दिशेने.

पहिली गोष्ट २०१० च्या सुमाराची. घरातला जुना संगणक मी विकला. विकण्याआधी सगळ्या फायली निवडून डिलीट केल्या, रिसायकल बिन रिकामा केला आणि निश्चिंत झालो. चार महिन्यांनी घेणाऱ्याचा मुलगा, तेव्हा बारावीत असेल, पेन ड्राइव्ह घेऊन दारात हजर. ''गुरुजी, हे तुमचंच ना?'' त्याने गंमत म्हणून एक फुकटचा प्रोग्रॅम चालवून पाहिला होता. माझे पुसलेले फोटो तर आलेच, पण एका कुटुंबाचा जातीचा दाखला आणि पासबुकाचे पहिले पानही आले. मुलगा सरळ होता म्हणून निभावले.

दुसरी गोष्ट त्यानंतर दोन वर्षांनी घडली. नव्या संगणकात व्हायरस शिरला. एका दुकानात नेला. 'सी ड्राइव्हच फॉरमॅट करा, डीला हात लावू नका,' असे बजावून आलो. संध्याकाळी यंत्र चकचकीत होऊन परत आले आणि डी ड्राइव्हही तितकाच चकचकीत होता. त्यात म्हाताऱ्या माणसांशी केलेल्या गप्पा मी टंकून ठेवल्या होत्या: कोणत्या ओढ्यापासून कोणत्या बांधापर्यंत कोण कसत होते, कधीपासून, धरणाच्या आधी की नंतर. सांगणाऱ्यांपैकी दोघे तोवर गेलेले होते. ती वही कागदावर कधी उतरलीच नाही.

म्हणजे जे जावे असे वाटले ते राहिले आणि जे राहावे ते गेले. असे का होते, हे समजून घ्यायला मला बरीच वर्षे लागली. शिक्षकाच्या भाषेत सांगतो. संगणक फाइल डिलीट करतो, तेव्हा तो फक्त हजेरीपटातून नाव कमी करतो. मुलगा बाकावर बसलेलाच असतो. त्या बाकावर दुसरा मुलगा आणून बसवला, तरच पहिला उठतो. दुसरा कधी येईल याचा नेम नाही. उद्या येईल किंवा चार वर्षे येणार नाही. झटपट फॉरमॅट म्हणजे सगळा हजेरीपटच फाडून नवा कोरा घालायचा, मुले जागच्या जागी. विंडोज एक्सपीच्या काळापर्यंत तर 'पूर्ण' फॉरमॅटसुद्धा डिस्कवरचे खराब भाग तेवढे तपासत असे, जुने काही पुसत नसे. २००७ मध्ये सर्वांच्या हाती आलेल्या व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्ये लिहू लागला. आणि माझ्या डी ड्राइव्हचे? तिथे दुकानदाराने फॉरमॅट करून वर चित्रपटांचा साठा भरून दिला होता, ग्राहकाला भेट म्हणून. सगळ्या बाकांवर नवी मुले.

हे काही संगणकाने आणलेले नवे दुखणे नव्हे. 'नियमाला हरताळ फासला' असे आपण रोज म्हणतो. हा हरताळ म्हणजे दुकाने बंद ठेवतात तो नव्हे. तो शब्द हाट आणि ताळा यांवरून आलेला वेगळा. हा हरताळ म्हणजे सोमलाचे एक पिवळे खनिज. पोथ्या लिहिणाऱ्याच्या हातून अक्षर चुकले की, तो हरताळाची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून त्या अक्षरावर फासायचा, वाळली की वर बरोबर अक्षर लिहायचा. आजच्या व्हाइटनरचा पणजोबाच म्हणा ना. विषारी असल्याने कसर-वाळवीही दूर राही. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अख्खा लेखनक्रियेलाच दिला आहे, यावरून त्या काळी हाताच्या नकलेला केवढी काळजी घेत, ते कळते. आमच्या नात्यातल्या एका घरी मी अशी पोथी पाहिली आहे. मधूनमधून पिवळे चट्टे. पण काही ठिकाणी हरताळाचा पापुद्रा उडालेला आणि खालचे चुकलेले अक्षर दोन-तीनशे वर्षांनी पुन्हा डोके वर काढून बसलेले! ताम्रपटांचेही तसेच. जुना पट ठोकून सपाट करायचा आणि त्यावर नवे दानपत्र कोरायचे, अशी उदाहरणे पुराभिलेखांच्या अभ्यासकांना मिळाली आहेत. जुन्या अक्षरांच्या खुणा शिल्लक राहिल्या म्हणूनच ती ओळखता आली.

सरकारी दप्तराची रीत आणखी वेगळी. मी नोकरीला लागलो, तेव्हा मुख्याध्यापकांनी पहिल्याच आठवड्यात शिकवले होते की, जनरल रजिस्टरमध्ये खोडरबर आणि ब्लेड चालणार नाही. चूक झाली तर एकच आडवी रेघ, खालचे वाचता आले पाहिजे, वर बरोबर लिहा आणि बाजूला सही करा. तिथे पुसणे हाच गुन्हा.

पुसण्यासाठी माणसे किती टोकाला जातात, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच नगर जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १२ मे १८७५, सुप्याचा बाजार. आपल्या पारनेरचे सुपे नव्हे. पुणे जिल्ह्यातले, तेव्हा भीमथडी तालुक्यात होते ते. बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. तिथून ठिणगी पसरली ती नगर जिल्ह्यातही आली: पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत. इतिहासाच्या पुस्तकात हे 'दख्खनचे दंगे' म्हणून येतात. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचा भाव कोसळला, सावकारांनी उधारी आखडली, त्यात सारा वाढलेला, ही सगळी कारणे मुले परीक्षेत लिहितात. मला त्यात एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाला असे दिसले की, दंगेखोरांना मुख्यतः हवे होते ते कागद: कर्जरोखे, खतपत्रे, हुकूमनामे. सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले तर बहुतेक ठिकाणी पुढे काही झाले नाही. जिथे त्याने नकार दिला, तिथे मारहाण, जाळपोळ. चौकात होळी झाली ती कागदांची. शहरात बसलेल्यांना हे अडाणीपणाचे वाटले असेल. मला तसे वाटत नाही. शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हते, पण आपले कर्ज नेमके कुठे राहते, हे त्याला पक्के ठाऊक होते. ते त्याच्या शेतात नव्हते, पोटात नव्हते, सावकाराच्या पेटीतल्या कागदावर होते. त्याची दुसरी प्रत ऋणकोकडे नसे. एकच प्रत, आणि तीही दुसऱ्याच्या ताब्यात. ती गेली की कर्ज गेले. अर्थात ज्या खतावर कोर्टात आधीच हुकूमनामा झालेला होता, त्याची नोंद कोर्टाच्या दप्तरात सुखरूप होती. पेटीतला कागद जाळून ती जळणार नव्हती. हजेरीपट एक आणि बाक दुसरे, हा घोटाळा तेव्हाही होताच.

पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी मदतीचा कायदा झाला; पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात तरतूद काय? शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, भरलेल्या पैशाची पावती त्याला मिळावी, हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा त्याला हक्क असावा. म्हणजे आग विझल्यावर सरकारने दिलेले उत्तरही कागदाचेच होते: दुसरी प्रत.

हा दंगा आमच्या डोंगराकडे, अकोले तालुक्यात पेटला नाही. इकडचा सावकारांविरुद्धचा राग त्याआधी तीस वर्षे उफाळून गेला होता. आमच्याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे सावकारांवर आणि कंपनी सरकारवर उठले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पण खतात अडकलेल्या जमिनीची कहाणी दोन्हीकडे सारखी.

आता पुन्हा चकतीकडे येऊ. सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक नावाचे यंत्र आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, वजन टनाच्या पुढे आणि साठवण किती? सुमारे ५० लाख अक्षरे. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो त्यात मावायचा नाही. कागदापेक्षा हिचा मोठा गुण हा की, लिहिलेले चुंबकाने बदलता येते, तीच जागा हजारो वेळा वापरता येते. या गुणानेच नुकसानही केले. चंद्रावर माणूस उतरला, त्या अपोलो ११ च्या चित्रणाच्या मूळ फिती नासाने नंतरच्या काळात पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या होत्या, हे २००९ मध्ये त्यांनीच सांगितले. बीबीसीने आपल्या कितीतरी जुन्या मालिकांच्या फिती अशाच पुसल्या. फीत महाग, कपाट लहान, आणि उद्या कोणाला हे पाहिजे असेल, असे त्या दिवशी कोणालाच वाटलेले नसते.

आणि दुसऱ्या बाजूचा दाखला. अमेरिकेत सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलाट या दोन संशोधकांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालल्या. नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत लोकांची पत्रे, औषधोपचारांची माहिती, हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक. एक डिस्क तर चक्क एटीएम यंत्रातली होती. २००३ मध्ये हे छापून आले. त्यातल्या बऱ्याच मालकांनी माझ्यासारखेच 'फॉरमॅट मारला' होता.

मग नीट पुसायचे कसे? सगळ्या बाकांवर मुद्दाम कोणीतरी बसवायचे. डिस्कच्या पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत शून्ये लिहायची. किती वेळा, यावर बरीच दंतकथा आहे. पीटर गुटमन या संशोधकाने १९९६ मध्ये तेव्हाच्या तऱ्हेतऱ्हेच्या डिस्क ध्यानात घेऊन ३५ फेऱ्यांची यादी दिली. लोकांनी तिचे स्तोत्र केले. कोणतीही डिस्क असो, पस्तीस आवर्तने! शेवटी गुटमनलाच लिहावे लागले की, हा मंत्र नव्हे. २००६ मध्ये अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेने सांगून टाकले की, २००१ नंतरच्या फिरत्या डिस्कला एक फेरी पुरते. नव्या लॅपटॉपमधली एसएसडी मात्र निराळी. तिच्यात फिरती चकती नसते, आणि एकाच जागी लिहून ती झिजू नये म्हणून ती आपणच जागा बदलत राहते. आपण वरून लिहितो, जुने कुठल्यातरी कोपऱ्यात उरते. तिच्यासाठी कारखान्यानेच आत ठेवलेली पुसण्याची आज्ञा द्यावी लागते. किंवा पहिल्या दिवसापासून सगळे कुलूपबंद लिपीत ठेवायचे आणि निरोपाच्या दिवशी फक्त किल्ली नष्ट करायची.

माझी डिस्क जुनी, फिरती, ५०० जीबीची. म्हणजे एक फेरी पुरे. पण पुसण्याआधी उतरवून घेण्याचे काम होते आणि तेच लांबले. काही जुन्या फायली उघडल्या तर पानभर चिन्हांचा कचरा. मराठी टंकणाऱ्या माझ्या पिढीला हे नवे नाही. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. तो फॉन्ट यंत्रात नसेल तर 'क'च्या जागी काहीही दिसणार. युनिकोड १९९१ चा, पण विंडोजमध्ये देवनागरी नीट आली ती विंडोज २००० पासून. त्यातला मंगल हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला. आमच्या हाती, आमच्या सवयीत युनिकोड यायला आणखी सात-आठ वर्षे गेली. त्यामुळे विंडोज नवे टाकले की जुने फॉन्ट जायचे आणि फाइल जागेवर असूनही मुकी व्हायची. आठवडाभर बसून मी त्या फायली एकेक करून युनिकोडमध्ये आणल्या.

मग प्रश्न आला, कोणाचे काय ठेवायचे, हे ठरवणारा मी कोण? पेन ड्राइव्ह आणि छापील प्रती घेऊन घरोघर गेलो. बहुतेकांनी 'आमचं आम्हाला द्या, तुमच्याकडचं पुसा' म्हटले. एका आजींच्या घरी मात्र बसावे लागले. त्यांच्या फायलीत वनखात्याच्या दंडाच्या पावत्या होत्या, अतिक्रमण केले म्हणून भरलेल्या. आजी हसत सांगू लागल्या की, सासऱ्यांना त्या पावत्यांची लाज वाटे. चोर ठरवल्याचा कागद घरात कशाला, म्हणून एकदा ते चुलीत घालायला निघाले होते. सासूबाईंनी काढून पत्र्याच्या डब्यात दडवल्या. पुढे वनहक्काच्या दाव्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात होती, हे दाखवायची वेळ आली, तेव्हा त्याच पावत्या उपयोगी पडल्या. दंड भरला, म्हणजे तुम्ही तिथे होतात. मूळ पावत्या पुढे एका पावसाळ्यात ओल लागून चिकटल्या. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. आता स्पष्ट वाचता येईल अशी प्रत माझ्या लॅपटॉपमध्येच होती. 'गुरुजी, ही मात्र तुमच्याकडंबी राहू द्या,' असे त्या म्हणाल्या. ठेवली आहे, वेगळ्या पेन ड्राइव्हवर, त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून.

शेवटी पुसायला बसलो. चालू असलेली विंडोज स्वतःची डिस्क पुसू शकत नाही, आपण बसलो ती फांदी तोडता येत नाही तशी. म्हणून पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केले. सेकंदाला ८० एमबीच्या वेगाने पावणेदोन तास लागणार होते. सव्वा तास झाला आणि लाइट गेली. बॅटरी तर केव्हाच मेलेली. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात.

पुसून झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन त्या मुलाकडे गेलो, तोच तो, २०१० मध्ये माझ्या दारात आलेला. आता त्याचे स्वतःचे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. म्हटले, ''चालव तुझा तो प्रोग्रॅम.'' त्याने लावला आणि आम्ही दोघे चहा पीत पडद्याकडे बघत बसलो. तासाभराने खाली आकडा आला, शून्य फायली. त्याने विचारले, ''आता लिनक्स टाकू का, गुरुजी?''

मी त्याला आणखी एकदा तपासायला लावले आणि मगच हो म्हटले.